मोल्सवर्थ : ज्या आडनावात ‘मोल’ नाही

मराठी शब्दाचा अर्थ अडला की ‘मोल्सवर्थ काढ’ म्हणायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. तिथे मोल्सवर्थ हा माणूस उरलेला नसतो. तो मराठी-इंग्रजी कोश झालेला असतो, १८३१ साली पहिल्यांदा छापलेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा काढलेला. आता तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. इतक्या मराठी शब्दांचे अर्थ देणाऱ्या या माणसाच्या आडनावाचा अर्थ काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

विचारलंच तर पहिलं उत्तर मराठी कान देतो. मोल म्हणजे किंमत, आणि इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजेही किंमतच. दोन भाषांतलं मोल एकाच आडनावात! इंग्रजी जरा जास्त येणारा म्हणेल, छे, ‘मोल’ म्हणजे जमीन पोखरणारा तो मखमली अंगाचा प्राणी. नाहीतर अंगावरचा तीळ. तिन्ही उत्तरं चूक आहेत. ती का चूक आहेत हे नीट पाहिलं, तर इंग्रजी आडनाव वाचायची रीतही कळते.

गाव आणि त्याचे दोन तुकडे

इंग्रजी आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची असतात. बापाच्या नावावरून आलेली (जॉन्सन, रिचर्ड्स), धंद्यावरून आलेली (स्मिथ म्हणजे लोहार, फ्लेचर म्हणजे बाण करणारा), रंगारूपाच्या टोपणनावावरून आलेली (ब्राउन, शॉर्ट) आणि ठिकाणावरून आलेली. कुलकर्णी, काळे आणि चिपळूणकर एकाच चाळीत पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मोल्सवर्थ चौथ्या प्रकारातलं. फरक एवढाच, की आपल्याकडे ‘-कर’ दिसला की मागे गाव आहे हे कळतं, आणि इंग्रजीत ती खूण गळून गेली. सुरुवातीला होती. मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच कागदांत माणूस ‘डी मोल्सवर्थ’ म्हणजे ‘मोल्सवर्थचा’ असायचा. चौदाव्या-पंधराव्या शतकांत ‘डी’ मागे पडला आणि नुसतं गावाचं नाव माणसाला चिकटून राहिलं. म्हणून गावावरून आलेलं आडनाव ओळखायला शेवट पाहावा लागतो: -टन, -हॅम, -ली, -बी, -फर्ड आणि -वर्थ.

हे गाव आजही आहे. पूर्वीच्या हंटिंगडनशर परगण्यात, आताच्या केंब्रिजशरमध्ये, हंटिंगडन शहराच्या पश्चिमेला. एवढंसं गाव; शेजारच्या ब्रिंग्टनबरोबर त्याची एकच पॅरिश, म्हणजे मुळात चर्चच्या हद्दीवरून ठरलेला विभाग, आहे. बाहेरच्या जगाला ते ठाऊक आहे ते जवळच्या हवाई तळामुळे. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकेचा ३०३वा बॉम्बर गट उडत असे. १९८०च्या दशकात अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी हाच तळ निवडला गेला, तेव्हा शांततावाद्यांनी तिथे मुक्काम ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये लष्कराचे शेकडो जवान आणून त्यांना हटवावं लागलं.

गावाच्या नावाचा अर्थ लावताना आजचं स्पेलिंग बाजूला ठेवायचं आणि सापडेल तितकं जुनं रूप काढायचं. मोल्सवर्थचं जुनं रूप मिळतं ते १०८६ च्या डोम्सडे पाहणीत. नॉर्मन राजा विल्यमने जिंकलेल्या इंग्लंडमधली जमीन, नांगर, गिरण्या आणि मालक यांची जी मोठी मोजदाद करवली, ती ही. तिथे गावाचं नाव आहे ‘मोलेसवर्दे’. शेवटी ‘थ’च्या जागी ‘द’ आहे त्याचं कारण साधं आहे: लिहिणारे कारकून फ्रेंच वळणाचे. इंग्रजांचा जिभेच्या टोकावरचा ‘थ’ त्यांना जमत नसे, म्हणून ते जवळचं ‘द’ किंवा ‘ट’ लिहून मोकळे होत. साहेबाच्या राज्यात ‘शीव’चं ‘सायन’ झालं त्याच जातीचा हा प्रकार.

आता तुकडे पाडू. मधला ‘-एस’ म्हणजे जुन्या इंग्रजीतली षष्ठी, आपलं ‘-चा’. षष्ठीचा प्रत्यय दिसला की पुढचा अंदाज बांधता येतो: त्याच्या आधी बहुधा माणसाचं नाव असणार. ते नाव ‘मूल’. हे अँग्लो-सॅक्सन काळातलं खरंखुरं नाव आहे, आणि शब्दाचा अर्थ खेचर! मूळ लॅटिन. मुळात ते टोपणनाव असावं. ते हलक्या माणसाचंच असे असंही नाही. केंटमध्ये राज्य करणाऱ्या एका राजाचं नाव मूल होतं, आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. गावाचा मूल मात्र हा राजा नव्हे. इथे नवखे हमखास घसरतात: इतिहासात त्या नावाचा एक प्रसिद्ध माणूस सापडला, की गाव त्याच्याच नावावर चढवून टाकायचं. गावाला नाव देणारा मूल कुणी स्थानिक जमीनवाला असणार. त्याच्याबद्दल आपल्याला त्याच्या नावापलीकडे काहीही माहीत नाही, आणि गावांच्या नावांत अडकून राहिलेल्या बहुतेक माणसांचं असंच असतं.

दुसरा तुकडा ‘वर्थ’. किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ आणि गावांच्या नावांतला ‘वर्थ’ हे जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. पुढे उच्चार झिजून दोन्हींचं स्पेलिंग एक झालं, एवढाच त्यांचा संबंध. गावाच्या नावातला ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, आवार. आधी नुसतं आवार, मग त्यातलं घर, मग घराभोवती वाढलेली वस्ती, असा तो अर्थ पसरत गेला. मोल्सवर्थ म्हणजे ‘मूलचं आवार’.

आणि तो जमीन पोखरणारा प्राणी? त्याला जुन्या इंग्रजीत वेगळाच शब्द होता; तो ‘वाँट’ अशा रूपात काही बोलींमध्ये टिकला. ‘मोल’ हा शब्द इंग्रजी लिखाणात चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. १०८६ मध्ये कागदावर असलेल्या गावाच्या नावात तीनशे वर्षांनंतरचा शब्द कसा असेल? जुनं रूप आणि त्याचं साल हाताशी असेल तर निम्म्या दंतकथा इथेच गळून पडतात.

या कुळीतली आणखी नावं घेतली की साचा नीट दिसतो. हीथ्रो विमानतळाला लागून हार्मंड्सवर्थ आहे, ते हेरेमोड नावाच्या माणसाचं आवार. लंडनमधलं वाँड्सवर्थ हे वेंडलचं. केनिलवर्थ, जिथे तो प्रसिद्ध पडका किल्ला आहे, ते बाईच्या नावावरून आलंय: कायनेहिल्डचं आवार. आणि कवी वर्ड्सवर्थ यांच्या आडनावात शब्दही नाहीत आणि त्यांची किंमतही नाही. यॉर्कशरमधल्या वॉड्सवर्थ या गावाच्या नावाचं ते बदललेलं रूप आहे. कवीला आडनाव इतकं शोभलं, हा निव्वळ योगायोग.

एक सापळा मुद्दाम सांगायला हवा. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे. ऐकायला जवळजवळ तेच, लिहायला एक-दोन अक्षरांचा फरक. पण त्याच्या बाराव्या शतकातल्या रूपात ‘मोल्डे’ असा पहिला तुकडा आहे, षष्ठी नाही, आणि त्याचा अर्थ लावतात तो ‘टेकडीजवळचं आवार’. तिथे कुणी मूल नाही. चेशर, लँकेशरकडच्या घराण्याच्या कागदात ‘ड’ दिसला तर तो कारकुनाची चूक समजून खोडू नये. तो ‘ड’च कदाचित दुसऱ्या गावाकडे बोट दाखवत असतो.

आडनाव गावात नव्हे, गावाबाहेर मिळतं

हा मुद्दा चिपळूणकरांना पटकन पटेल. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून काय कळणार? तिथे सगळेच चिपळूणचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला आधीच्या गावाने ओळखू लागतात. इंग्लंडमध्येही हेच झालं. त्यामुळे मध्ययुगातल्या एखाद्या करयादीत ‘डी मोल्सवर्थ’ दिसला, तर तो त्या वेळी मोल्सवर्थमध्ये राहत होता असं समजू नये. बहुधा तो किंवा त्याचा बाप तिथून निघालेला असतो. याला अपवाद जमीनदारांचा. गाव ज्यांच्या ताब्यात, ते गावात राहूनही गावाचं नाव लावत.

आडनाव बापाकडून मुलाकडे पक्कं जायला लागलं ते नॉर्मन सरदारांत आधी, दक्षिण इंग्लंडच्या साध्या लोकांत साधारण तेराव्या-चौदाव्या शतकांत, उत्तरेकडे त्याहून उशिरा. त्याआधी ‘डी मोल्सवर्थ’ हा नुसता पत्ता असू शकतो: बाप डी मोल्सवर्थ आणि मुलगा जिथे स्थिरावला तिथला. १२५० च्या कागदावरचं नाव आणि १४५० च्या कागदावरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं तरी पहिलं आडनाव असेलच असं नाही.

न्यूटन किंवा सटन नावाची गावं इंग्लंडात ढिगाने आहेत, म्हणून त्या आडनावांची घराणी एकमेकांची कुणी लागत नाहीत. मोल्सवर्थ एकच. त्यामुळे हे आडनाव लावणारे थोडे, आणि कुठे ना कुठे एका उगमाशी जाण्याची शक्यता जास्त. ‘शक्यता’ म्हणतो, पुरावा वेगळा लागतो.

कोण कुठल्या फांदीवर

घराण्याची वंशावळ सुरू होते एडवर्ड पहिल्याच्या काळातल्या वॉल्टर डी मोल्सवर्थपासून. तो बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या परगण्यांचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा अधिकारी, होता. पुढची अडीच-तीन शतकं वंशावळीत नावं आहेत, माणसं फारशी दिसत नाहीत. एलिझाबेथ पहिलीच्या राज्यात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉलचा ऑडिटर म्हणून नैर्ऋत्य टोकाला गेला आणि पेनकॅरो इथे स्थिरावला. ही कॉर्नवॉलची फांदी. दुसरी फांदी आयर्लंडची: रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा व्यापारी सतराव्या शतकाच्या मध्याला, क्रॉमवेलच्या काळात डब्लिनमध्ये बसला आणि जमीनजुमल्याचा धनी झाला. नामांकित मोल्सवर्थांपैकी बरेच जण या दोन फांद्यांवर बसवता येतात. कुठल्या फांदीचा हे ओळखायला किताब उपयोगी पडतो. कॉर्नवॉलवाले ‘बॅरोनेट’, हा किताब वंशपरंपरेचा, नावाआधी ‘सर’, पण उमरावांच्या सभागृहात जागा नाही. आयर्लंडवाले ‘व्हायकाउंट’, म्हणजे खरे उमराव, मात्र आयरिश उमराव. त्यामुळे ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून जायची त्यांना मुभा असे, आणि त्यांनी ती वापरली.

पहिला बॅरोनेट हेंडर मोल्सवर्थ. जमैकात पैसा केला, तिथला हंगामी गव्हर्नर झाला, १६८९ मध्ये किताब मिळाला आणि त्याच वर्षी मेला. किताब गेला भावाकडे. जमैकातला त्या काळचा पैसा म्हणजे ऊसमळे आणि गुलामांचा व्यापार, हे त्या काळच्या कुठल्याही कॉर्नवॉली वाड्याकडे बघताना विसरू नये.

पहिला व्हायकाउंट रॉबर्ट (१६५६–१७२५) हा डब्लिनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १६८९ ते १६९२ तो डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा दूत होता. तिथून परतल्यावर त्याने त्या देशावर एक पुस्तक लिहिलं, १६९४ चं. स्वतंत्र माणसांचा देश एका राजाच्या मुठीत कसा जातो, हा त्याचा विषय. डॅनिश दरबाराने रीतसर निषेध नोंदवला, म्हणजे पुस्तक अर्थातच खपलं. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला आणि तरीही कॉमन्समध्ये बसत राहिला. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटला आणि हजारोंचे पैसे बुडाले. तेव्हा त्याने सभागृहात सुचवलं, की या गुन्ह्याला कायद्यात शिक्षा नसेल तर रोमन लोक बापाला मारणाऱ्याला जी शिक्षा देत ती संचालकांना द्यावी: पोत्यात शिवून नदीत फेकून द्यावं. नदी अर्थात थेम्स. सूचना मान्य झाली नाही. त्याने स्वतःही त्या शेअर्समध्ये पैसे घातले होते, हे लक्षात घेतलं की त्या आवेशातला घरगुती सूर ऐकू येतो. डब्लिनमधल्या मोल्सवर्थ स्ट्रीटला नाव याच घराण्याचं.

त्याचा मुलगा रिचर्ड (१६८०–१७५८) तिसरा व्हायकाउंट. मे १७०६ मध्ये रामिली इथे फ्रेंचांशी झालेल्या लढाईत इंग्लिश सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला आणि शत्रूचे स्वार अंगावर आले. रिचर्ड त्याचा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी होता; त्याने स्वतःचा घोडा दिला आणि सेनापती वाचला. थोड्या वेळाने मार्लबरो दुसऱ्या घोड्यावर चढत असताना रिकीब धरून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचं डोकं तोफगोळ्याने उडालं. रिचर्ड मात्र पुढे फील्ड मार्शल होईपर्यंत जगला. या लढाईची तारीख कुठे १२ मे, कुठे २३ मे दिलेली असते. दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंड तेव्हा जुन्या पंचांगावर चालत होतं आणि युरोपचा बराच भाग नव्या. दोहोंत ११ दिवसांचं अंतर.

कॉर्नवॉलच्या फांदीवरचा सगळ्यात मोठा माणूस आठवा बॅरोनेट सर विल्यम (१८१०–१८५५). केंब्रिजमध्ये शिकत असताना शिक्षकालाच द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं म्हणून त्याला काढून टाकलं. पार्लमेंटात तो जहाल गटाचा. कैद्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७–३८ च्या समितीचा तो अध्यक्ष होता, आणि त्या समितीच्या अहवालानंतर त्या पद्धतीचा पाया खचला. फावल्या वेळात त्याने हॉब्ज या तत्त्ववेत्त्याचं समग्र लेखन १६ खंडांत छापलं: ११ इंग्रजी, ५ लॅटिन. मंत्री झाल्यावर लंडनची क्यू ही वनस्पतिबाग रविवारी लोकांना उघडी केली. त्या काळात रविवारी बाग उघडणं म्हणजे धर्मबुडवेपणा, पण कामकरी माणसाला सुट्टी फक्त रविवारचीच असे. १८५५ च्या जुलैत वसाहतमंत्रिपद मिळालं आणि ऑक्टोबरात तो गेला. चिलीतून आणलेल्या काटेरी ‘मंकी पझल’ झाडाला हे नाव त्याच्याच पेनकॅरोच्या बागेत एका पाहुण्याच्या तोंडून पडलं, असं सांगतात: या झाडावर चढायचं म्हटलं तर माकडसुद्धा कोड्यात पडेल.

सर गिल्फर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५) इंजिनिअर. आधी सिलोनची रेल्वे, मग १८७१ ते १८८९ भारत सरकारचे सरकारी रेल्वेसाठीचे सल्लागार अभियंता. त्यांचं सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं, म्हणून जुन्या अभियांत्रिकी ग्रंथालयात ‘मोल्सवर्थ’ मागितलं तर शब्दकोश मिळेलच असं नाही.

मेरी लुईसा मोल्सवर्थ (१८३९–१९२१) मुलांसाठी लिहिणाऱ्या त्या काळच्या फार वाचल्या गेलेल्या लेखिका. त्यांचं माहेरचं आडनाव स्टुअर्ट, मोल्सवर्थ सासरचं. ‘नामवंत मोल्सवर्थ’ अशा याद्यांत त्यांना सरळ वंशात धरलेलं दिसतं, ते चूक. आणि इंग्लंडात आज हे आडनाव उच्चारलं तर बऱ्याच जणांना पहिल्यांदा आठवतो तो नायजेल मोल्सवर्थ, १९५०च्या दशकातल्या विनोदी लिखाणातला शाळकरी पोरगा, ज्याला एक वाक्य धड स्पेलिंगने लिहिता येत नाही. आपल्याला याच नावाने कोश आठवतो.

शोध घ्यायचा तर

कुठल्याही इंग्रजी आडनावाचा माग काढताना आजपासून मागे जायचं. नामवंत माणसापासून खाली यायला निघालात तर हवं तिथे जोडणी करून घ्यायचा मोह होतो, आणि बहुतेक फसलेल्या वंशावळी तिथेच फसतात.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव १८४१ पासून. मात्र १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायला सांगितलं होतं. ३४ चा माणूस ३० चा दिसेल. जन्माची पॅरिश कळते ती १८५१ पासून. १९३१ ची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून मधली पोकळी सप्टेंबर १९३९ च्या नोंदवहीने भरायची. १८३७ च्या मागे चर्चच्या वह्या. त्या ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण पुष्कळ ठिकाणी त्या १५५८ पासूनच्याच उरल्या आहेत, आणि १६४०–६० च्या यादवीत मोठी भगदाडं आहेत. १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १६९० मधला बाप्तिस्मा आपल्या हिशोबाने १६९१ चा. हे विसरलं तर आईबापाच्या लग्नाआधीच मूल जन्मलेलं दिसतं आणि नसती भानगड उभी राहते.

नावाने शोधताना संगणकाच्या ध्वनिसंकेतावर फार भिस्त ठेवू नये. सारख्या आवाजाच्या नावांना एकच संकेत देणाऱ्या ‘साउंडेक्स’ पद्धतीत मोल्सवर्थचा संकेत येतो एम ४२६ आणि मोल्ड्सवर्थचा एम ४३२. म्हणजे कारकुनाने एक ‘ड’ जास्त घातला की यंत्राच्या लेखी तो दुसराच माणूस. त्यापेक्षा तारांकन वापरून शोधावं: एम, तारा, एल, तारा, एसडब्ल्यू, तारा, टीएच. यात दोन्ही रूपं सापडतात. मग गाव आणि साल बघून हाताने वेगळी करावी.

आयर्लंडच्या फांदीची अडचण मोठी. जून १९२२ मध्ये डब्लिनचं सरकारी दप्तर जळालं, त्यात एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचा बराच भाग आणि असंख्य मृत्युपत्रं गेली. तिथे जमिनीचे दस्त आणि इंग्लंडमध्ये नोंदलेली मृत्युपत्रं यांवर भागवावं लागतं.

‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ चौकटीत घालून विकणाऱ्यांपासून दूर राहावं. इंग्लंडात असं चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या सिद्ध वंशजांना मिळतं, आणि त्याचा निवाडा लंडनमधलं १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स करतं. पुरुषवंशाची डीएनए चाचणी दोन मोल्सवर्थ एका बापाचे आहेत का हे सांगू शकते. पण दत्तकविधान, सासरचं नाव घेणारा जावई, वारसा मिळवण्यासाठी मृत्युपत्राच्या अटीवर बदललेलं आडनाव, यांतलं काहीही मध्ये आलं तर आडनाव पुढे जातं आणि रक्त मागे राहतं. पेनकॅरोच्या घराण्याचं आडनावही आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोड आहे.

आपले मोल्सवर्थ

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात पोरसवदा वयात आले. अशा माणसाचा माग इंग्लंडमधल्या गावात कमी आणि ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात जास्त लागतो. लष्करात भरती होताना उमेदवाराने दिलेले कागद ‘एल-मिल-९’ या मालिकेत असतात, आणि त्यांत बाप्तिस्म्याचा दाखला असे, म्हणजे आईबाप आणि पॅरिश एका फटक्यात हाती लागतात. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ‘एन-३’ मध्ये. ‘एन-१’ बंगालचं आणि ‘एन-२’ मद्रासचं. पुण्या-मुंबईच्या जुन्या दफनभूमीतलं एखादं नाव शोधायचं असेल तरी याच मालिका.

त्यांच्या कामाचा क्रमही नीट लक्षात ठेवायला हवा, कारण कोशांची साल सर्रास एकमेकांत मिसळली जातात. १८२९ चा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा शास्त्रीपंडितांचा, मराठी-मराठी. १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश मोल्सवर्थांचा. हाताखाली तेच पंडित आणि जोडीला जॉर्ज व टॉमस हे जुळे कँडी बंधू. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थांनी सुरू केला आणि टॉमस कँडींनी पुरा केला. १८५७ ची मराठी-इंग्रजीची दुसरी आवृत्ती, जॉन विल्सन यांच्या मराठी भाषेवरच्या टिपणासह. आज घरोघर दिसतं ते तिचंच पुण्यात १९७५ मध्ये निघालेलं पुनर्मुद्रण. बाबा पदमनजींचा १८६३ चा ग्रंथ हा त्याचा संक्षेप, वेगळा कोश नव्हे.

मराठीतून शोधताना एक सांभाळावं: छापील मराठीत हे आडनाव मोल्सवर्थ, मोलस्वर्थ आणि मोलेसवर्थ अशा तीन तऱ्हांनी येतं. एकाच ग्रंथालयाच्या सूचीत तीन ठिकाणी तीन नोंदी असू शकतात, तेव्हा तिन्ही घालून पाहावं. डोम्सडेच्या कारकुनाला नावं ठेवायला आपल्यालाही फारशी जागा नाही.

कोश हाती लागलाच तर त्यात ‘वाडी’ हा शब्द काढून बघा. पहिला अर्थ दिला आहे तो कुंपण घातलेल्या जमिनीचा, आवाराचा. दुसरा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांच्या पुंजक्याचा. हंटिंगडनशरच्या त्या ‘वर्थ’चा अर्थ याच क्रमाने पसरत गेला होता.